बाबांची टेप

हे घडलं तेव्हा भर दुपार होती आणि मी पूर्ण शुद्धीत होते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी सांगते, कारण यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

आमच्या संग्रहालयात जुन्या मुलाखतींच्या टेप ऐकून त्या जशाच्या तशा टाईप करायच्या, हे माझं काम. लोकांना वेबसाइटवर वाचता-ऐकता याव्यात म्हणून. कुणी खोकलं, तर ‘खोकला’ लिहायचं. कुणी गप्प बसलं, तर ‘शांतता’.

त्या दिवशी बाबांची टेप हाती आली.

बाबा बोटीवर खलाशी होते. बोट बुडाली, त्यात काका गेले, बाबा वाचले. घरी त्यांनी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. मी विचारलं की उठून जायचे.

बाबा जाऊन महिना झाला होता. मला रडूसुद्धा आलं नव्हतं. म्हटलं, निदान आवाज तरी ऐकू.

हेडफोन लावला.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं?"

...काहीच नाही.

मग बाई म्हणाल्या, "अरे देवा! आणि तुमचा भाऊ?"

...पुन्हा काहीच नाही. फक्त खुर्ची करकरली.

मी ‘शांतता’ टाईप करत गेले. शेवटपर्यंत.

आमच्याकडे प्रत्येक टेप दुसऱ्या कुणीतरी तपासायची पद्धत आहे. माझं काम मावशी तपासतात. सगळं ऑफिस त्यांना मावशीच म्हणतं. मी डबा खाऊन आले, तर त्या डोळे पुसत बसल्या होत्या.

"काय गं, झोपा काढत होतीस का? किती बोललेत तुझे बाबा!"

मी त्यांच्या कानावरचा हेडफोन ओढून घेतला.

...शांतता.

परत दिला. मावशींनी कानाला लावला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं... आत्ताही बोलतायत."

मग त्यांनी स्वतः टाईप केलेलं पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. बाईंच्या पहिल्या प्रश्नाखाली बाबांचं उत्तर होतं.

"सांगतो. पण आधी माझ्या पोरीला बाहेर पाठवा. ती ऐकतेय."

मुलाखत झाली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

टेप आता वेबसाइटवर आहे. मी रोज लावते. खुर्ची करकरते, बाकी काही नाही.

खाली लोक लिहितात, यांचा आवाज किती प्रेमळ आहे.

असेल.