कॅन्सलवर जाणारा बाण

ही गोष्ट ज्यांच्या घरात घडली त्या योगिनीवहिनी आजही पूर्णगडला त्याच घरात राहतात. त्यामुळे यात पदरचं काही घालण्याची माझी हिंमत नाही.

भुतंखेतं रात्रीच दिसतात म्हणे. हे मात्र भर दुपारी घडलं. मागच्या श्रावणात.

वहिनींचा नवरा नितेश बोटीवर कामाला होता. मूलबाळ नाही. त्यामुळे निघण्याआधी तो घरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि बायकोसाठी काहीबाही बोलून ठेवायचा. पंपाचं बटण आधी कुठलं दाबायचं, काजूच्या बिया कुणाला विकायच्या. मधेच एखादं भजन, तेही बेसूर.

दुपारी जेवताना वहिनी पडद्यावर त्यानेच करून दिलेल्या शॉर्टकटवरून ते लावून बसायच्या. घरात दोन माणसं जेवतायत असं वाटायचं.

गेल्या वर्षी नितेश बोटीवरच गेला. घरी आली ती बंद पेटी.

मग राहिला तो आवाज.

आणि तोच वहिनींच्या हातून पुसला गेला.

कॉम्प्युटर जुना. डिस्क भरली, डिस्क भरली म्हणून रोज कटकट करायचा. वहिनींनी साफसफाई काढली. ‘नवीन फोल्डर’ असं नाव दिसलं, म्हणजे रिकामाच असणार, म्हणून तो उडवला. वर रिसायकल बिनही झाडून टाकला. नितेशने फोल्डरला कधी नावच दिलं नव्हतं हो!

दुसऱ्या दिवशी ताट वाढून घेतलं, आवाज लावायला गेल्या, आणि काय झालंय ते कळलं. ते ताट तसंच राहिलं.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. पुसलेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर, फुकट, अगदी नवशिक्यांनाही जमेल असं. वहिनींनी देवाला हात जोडले.

साइटवर हिरवी बटणंच बटणं. पहिल्या बटणाने पत्त्यांचा खेळ उतरवला. दुसऱ्याने भलतीच जाहिरात उघडली. शेवटी खरं बटण सापडलं. फाइल डाउनलोड झाली. त्यांनी डबल क्लिक केलं, येस म्हटलं, मग नेक्स्ट, नेक्स्ट. वाचतं कोण?

आता फक्त ‘इन्स्टॉल’ दाबायचं होतं.

बाण इन्स्टॉलवर नेला... आणि तो हळूच सरकला.

शेजारच्या ‘कॅन्सल’वर जाऊन थांबला. टिक असा आवाज आला. खिडकी बंद.

हात घसरला असेल, म्हणून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. माऊस पदराने पुसला. पुन्हा तेच.

मग वहिनींनी माऊस सरळ उचलून मांडीवर घेतला. हात बाजूला केला.

पडद्यावरचा बाण चालतच होता... सावकाश, कॅन्सलकडे.

वर पंखा फिरत होता. दिवा चालू होता. कॉम्प्युटर तेवढा बंद पडला.

आणि स्पीकरमधून... एक उसासा आला.

आवाज पुसला गेला तेव्हापासून स्पीकरची वायर काढलेलीच होती.

वहिनी तशाच अनवाणी दिराकडे पळाल्या. बाळाभावोजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरात काहीतरी आडवं येतंय, देवापुढे गाऱ्हाणं घालून टाकू. तो नितेश असेल असं दोघांच्याही मनात आलं नाही. तो कशाला आड येईल? त्याचाच आवाज तर परत आणायचा होता.

उंबऱ्यावर नारळ ठेवला. भावोजींनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, या घरात जो कोन आडवा येत असंल, त्याला त्याची वाट दाखव. पुन्ना हिकडं फिरकू देऊ नको. आनी या माऊलीनं धरलेलं काम तडीस ने रे म्हाराजा.”

गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो. घरात तिसरं माणूस नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” वहिनीच म्हणाल्या. अगदी मनापासून.

नारळ एका घावात फुटला.

कॉम्प्युटर लगेच चालू झाला. बाण जिथे ठेवला तिथे राहिला. इन्स्टॉल... पट्टी भरत गेली... झालं. कुठे काही अडलं नाही. घर एकदम शांत झालं होतं. वहिनी म्हणतात, नितेश गेल्यावरसुद्धा घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

सॉफ्टवेअरने फायली शोधल्या. सगळ्यांची नावं आली. पण एक उघडेल तर शपथ. नुसती खरखर.

चार दिवसांनी रत्नागिरीहून वहिनींच्या ओळखीतला सागर आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पाहिलं, आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

“काकी, हे याच डिस्कवर बसवलंत?”

“मग कुठं बसवायचं असतं?”

त्याने समजावून सांगितलं. पुसलेली फाइल लगेच जात नाही. फक्त तिची जागा मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मग ती कायमची गेली. म्हणून असलं सॉफ्टवेअर वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकायचं असतं.

“इन्स्टॉल झालं नसतं ना काकी, तर बहुतेक सगळं मिळालं असतं.”

वहिनींनी सागरला चहा दिला, साखर घालायला विसरल्या. तो गेल्यावर दाराला कडी न लावताच दिराच्या घरी गेल्या. भावोजी ओटीवर जाळं शिवत होते.

“भावोजी,” वहिनींनी विचारलं, “घातलेलं गाऱ्हाणं मागं घेता येतं का?”

भावोजी हे सांगताना माझ्यासमोर रडले. गावात गाऱ्हाणी घालण्यात त्यांची हयात गेली. असं कुणी कधी विचारलं नव्हतं.



मागं घेता येतं की नाही, मलाही ठाऊक नाही. त्या घरावरून जाताना हल्ली माझे कान तिकडेच असतात. दुपारी जेवायच्या वेळेला आत कसलाच आवाज नसतो.