वाटमायचा सुस्कारा

“गप ऱ्हा रे पोट्टेहो! वाटमाय आली!”

लटारूभाऊंनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला, आणि त्याच क्षणी जीप खोकली. एकदा, दोनदा. मग पुढे सरकता सरकता तिनं मान टाकली आणि जंगलाच्या रस्त्यात मधोमध उभी राहिली.

“पाह्यलं? म्हटलं होतं ना मी!” मागच्या बाकावर मुखरू कुजबुजला.

चंदानं खाली वाकून बाहेर पाहिलं. मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ. सागाची पानं केव्हाच झडून गेलेली. उघडी झाडं आणि त्यांच्या काटकुळ्या सावल्या. इंजिन बंद पडल्याबरोबर शांतता अशी अंगावर आली, की गुलाबनं बहिणीचा हात धरला. कुठं पान हलत नव्हतं. तरी पाचोळ्यात कुणीतरी चालत होतं. चर्र… मग थांबे. पुन्हा चर्र…

“सरडा असंल,” चंदा म्हणाली.

“एवढा मोठा?” गुलाबनं विचारलं.

चंदा आठवीतून नववीत गेलेली, गुलाब सहावीत. दोघं सुट्टीत नागभीडहून पिपरटोल्याला निघाली होती. तिथल्या दवाखान्यात त्यांची कांतामावशी नर्स होती. दवाखान्याच्या मागेच राहणारा मुखरू हा त्यांचा दर उन्हाळ्याचा दोस्त. तोच लटारूभाऊंबरोबर दवाखान्याची जीप घेऊन त्यांना एसटीवर घ्यायला आला होता.

रस्त्याच्या कडेला ऐनाचं एक जुनं झाड होतं. मगरीच्या पाठीसारखी साल. बुंध्याशी एक काळा दगड आणि त्याभोवती नाना वस्तूंचा ढीग.

“इथून जाणाऱ्यानं आपल्याजवळ जे असन त्यातलं चिमूटभर मायले द्यायचं,” मुखरूनं समजावलं. “मोहफुलंवाला मोहफूल देते. मोळीवाली काडी देते. तो पाहा, मास्तरचा खडू!”

“माह्याजवळ त पेपरमिंटच्या गोळ्या हायेत,” गुलाब रडवेला झाला. “साऱ्या देऊ?”

“चिमूटभर म्हटलं ना बे!”

गुलाबनं एक गोळी दातांनी तोडली, अर्धी दगडापाशी ठेवली आणि उरलेली अर्धी घाईघाईनं गिळली. न जाणो, मायचं मन बदललं तर!

लटारूभाऊ मात्र गंभीर होते. “गाडीवाल्यानं गाडीतलंच द्यावं लागते,” असं म्हणत ते टाकीपाशी गेले. झाकण कच्च बसलेलं. त्यांनी दोन्ही हातांनी पिरगाळलं, आणि…

हाऽऽऽश्श्श!

लांबलचक सुस्कारा! कुणीतरी कितीतरी वेळ श्वास कोंडून बसलेलं असावं तसा! चंदाच्या मानेवर काटा आला. आवाज झाडाकडून आला, की जीपकडून, की खालच्या मातीतून? काही कळेना.

“माय बोलली,” लटारूभाऊ हळूच म्हणाले. त्यांनी काडीला गुंडाळलेला बोळा टाकीत बुडवला, दगडाला पेट्रोलचं बोट लावलं, झाकण पुन्हा आवळलं आणि किल्ली फिरवली. जीप चालू! जणू काही झालंच नव्हतं!

“आधीपासून थांबते का जी इथी?” चंदानं विचारलं.

“नाई वं. बारा वर्सं झाले मले या रस्त्यानं. आता आठ दिवसांपासूनच थांबून राह्यली. जाताना नाई थांबत, येतानाच थांबते.” जाताना सगळा उतार. लटारूभाऊ इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पिपरटोल्याला दवाखान्याच्या ओट्यावर कांतामावशी उभीच होती. शेजारी मुखरूची वहिनी, बुधरी, ओंजळभर टेंभरं, तेंदूची पिकली फळं, घेऊन बसली होती. पोट मोठं, चेहरा ओढलेला, पण हसू तेच.

“खा रे! तुमच्यासाठीच ठेवले होते.”

संध्याकाळी मावशीनं पोरांना जवळ बसवलं. “बुधरीच्या अंगावर धावू नका, दंगा करू नका. बाळ आडवं हाय तिचं. शनिवारी तिले गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेणार हावो.”

“नाई नेलं तर?” गुलाबनं विचारलं.

मुखरू जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

गुरुवारी मावशीची लस टोचायची फेरी होती. पहाटेच लटारूभाऊंनी डब्यातलं पेट्रोल टाकीत भरून ठेवलं होतं. पोरंही जीपमध्ये चढली. गुलाबनं बडबड करू नये म्हणून मावशीनं त्याला काम दिलं. गाडी थांबली की मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. त्याला काय, आकड्यांचं वेडच! एसटीवरून येताना पंपावर पेट्रोल भरलं तेव्हा आणि वाटमायपाशीही त्यानं तो लिहून ठेवला होताच.

पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, पुढे निघाल्यावर एका कोरड्या नाल्यात जीप खोकली. एकदा, दोनदा. थांबली!

लटारूभाऊंचा चेहरा उतरला. “इथी? इथी त वाटमाय नाई!”

दोन्ही काठांवर बांबूची बेटं होती. वारा नव्हता, तरी बांबू एकमेकांना घासून कुरकुरत होते. एकानं काही विचारावं आणि दुसऱ्यानं विचार करून उत्तर द्यावं, तसे.

“माय मागं मागं चालून राह्यली…” लटारूभाऊ पुटपुटले. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

हाऽऽऽश्श्श!

तोच सुस्कारा! म्हणजे ऐनाच्या झाडात तो नव्हता. तो त्यांच्याबरोबर आला होता!

पेट्रोलचं बोट एका दगडाला लावलं, आणि जीप चालू झाली. पिपरटोल्यात शिरताना दिवस कलला होता. दवाखाना समोर दिसायला लागला. गुलाब म्हणाला, “पोचलो एकदाचे!” आणि जीप खोकली. थांबली. नेमकी मुखरूच्या दारात!

मुखरूची आजी, ठमाबाई, सूप हातात घेऊन अंगणात उभी होती. तिनं जीपकडं पाहिलं, लटारूभाऊंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. झाकण फिरलं. सुस्कारा साऱ्या टोल्यानं ऐकला. बायांनी लेकरं उचलली. एकामागून एक दारं लागत गेली. कोंबड्यासुद्धा कुठं गेल्या कोण जाणे!

“गाडीवर माय बसली हाय,” ठमाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “माही नातसून त्या गाडीत नाई बसत.”

“ठमाबाई, अवं बाळ आडवं हाय!” मावशी कळवळली. “बैलगाडीचे हिसके तिले सोसतीन का? वाटेत काही झालं तर मी काय करू एकटी?”

“मालूम हाय मले, बाई. पन मायच्या मांडीवर बसवू का पोरीले?”

तिचंही दार लागलं. आतून बुधरीचं कण्हणं तेवढं ऐकू आलं.

शुक्रवारी दुपारी तिघं दवाखान्याच्या शेडपाशी उभी होती. सावलीत जीप. तिचे दिवे डोळ्यांसारखे.

“आपल्याकडंच पाहून राह्यली ते,” गुलाब म्हणाला.

“तू तिच्याकडं पाहू नको मंग!” चंदानं दटावलं, पण पाऊल तिचंही पुढे पडेना. “उद्या वहिनीले न्यायलाच पाह्यजे, मुखरू. आपण शोधून काढू. मायले काय पाह्यजे, थे तरी समजंन!”

तेवढ्यात आवाज आला. टप… टप… टप…

“जीपमधून काहीतरी गळून राह्यलं! रगत!” गुलाब किंचाळला.

“पानी हाय बे ते!” मुखरू ओशाळून म्हणाला. त्याच्या खांद्याला पाण्याचा तुंबा होता, वाळवलेल्या भोपळ्याचा. “बुडाशी चीर गेली याच्या. थांब.” त्यानं तुंब्याच्या तोंडावर तळहात दाबला. टपटप थांबली!

चंदा बघतच राहिली. “हात काढ.”

टप… टप…

“ठेव.”

थांबलं!

“अरे, चीर खाली, अन् हात तू वर ठेवून राह्यला! मंग गळणं काऊन थांबलं?”

“हवा नाई जात ना आत. आजीनंच शिकवलं. पाहा, हात कसा ओढला जाते!” त्यानं तळहात उचलला. पच् असा बारीक आवाज झाला.

चंदाच्या अंगावर पुन्हा काटा आला. पण हा वेगळा होता. “गुलाब! वही आण!”

गुलाबनं धावत जाऊन वही आणली. पेट्रोल पंप ते वाटमाय, पंधरा किलोमीटर. दवाखाना ते नाला, पंधरा. नाला ते मुखरूचं दार, साडेपंधरा!

“माय किलोमीटर मोजते?” गुलाब थक्क झाला.

“माय नाई रे येड्या! झाकण उघडलं की तिथून पंधरा! बाबा रॉकेलच्या डब्याले दुसरं भोक काऊन पाडतात, आत्ता समजलं मले! पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला पाह्यजे. नाई आली की पेट्रोल अडते. झाकण उघडलं की हवा आत घुसते. तोच सुस्कारा!”

तिनं झाकण काढून उलटं केलं. आतून सगळं लालभडक. लाख!

खाटेवर घोरणाऱ्या लटारूभाऊंना तिघांनी मिळून हलवलं.

“झाकणाले लाख कोणं लावली जी?”

“मीच!” डोळे चोळतानाही त्यांची छाती फुगली. “पेट्रोल हिंदकळून सांडे, बाईले वासानं मळमळे. मंग मस्त लाख वितळवली अन् भोकं-बिकं सारी बुजवून टाकली. आता थेंब सांडत नाई!”

“कवा लावली?”

“मागच्या बाजाराच्या दिवशी. म्हंजे झाले असतीन आठ…” लटारूभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. “…दिवस.”

कांतामावशी मागे येऊन उभी होती. तिनं बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरमध्ये पाणी तळाला गेलेलं. फॅनचा पट्टा सैल. स्टेपनीत हवा नाही!

“लटारूभाऊ, लिंबू-मिरची त दर शनिवारी बदलता. पाणी कवा पाहता?”

लटारूभाऊंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यांनी सुईनं लाख खरवडून भोक मोकळं केलं, पट्टा आवळला, पाणी भरलं. स्टेपनीत पंपानं हवा भरताना गुलाबनं एकशे चाळीस झटके मोजले. त्यातले त्याचे स्वतःचे अकरा.

आता राहिली ठमाबाई. चंदानं तिला काही समजावलं नाही. तुंबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “आजी, तोंड दाबा.”

“मले काय शिकवते, वं?” म्हणत ठमाबाईनं दाबलं. टपटप थांबली. मग चंदानं लाखेचे तुकडे पुढे ठेवले. म्हातारीनं तुंब्याकडं पाहिलं, लाखेकडं पाहिलं. पोरांचा जीव टांगणीला लागला.

मग ती उठली, तरातरा शेडपाशी गेली.

“काऊन रे लटारू! भोक तू बुजवलं, अन् नाव माह्या मायचं घेतलं? माय काय वाट अडवते का कोणाची? लेकरं हिंडतेत तिच्या रानात! आठ दिवस बदनाम करून राह्यला तिले!”

“चुकलो, बाई,” लटारूभाऊ म्हणाले.

“उद्या सकायी येतो आमी. पन हे तिघं बसतीन तवाच!”

शनिवारी उजाडता उजाडता जीप निघाली. बुधरी मागच्या बाकावर, ठमाबाईच्या मांडीवर डोकं टेकून. खाली पायांपाशी तिघं. आज उतारावरही इंजिन चालू ठेवायचं, हा मावशीचा हुकूम.

ऐनाचं झाड आलं. पहाटेच्या धुरकट उजेडात ते रस्त्यावर वाकल्यासारखं वाटत होतं. लटारूभाऊंचा पाय ब्रेकवर गेला. “पेट्रोल…”

“चाल!” ठमाबाईनं पदराच्या गाठीतले तांदूळ चिमटीनं दगडाकडं फेकले. “झालं तिचं. चाल तू!”

झाड मागे गेलं. पुढं जंगल दाट होत गेलं. गुलाब मान उंचावून, मीटरवर डोळे लावून दवाखान्यापासूनचे किलोमीटर सांगू लागला.

“बारा… तेरा…”

बुधरी कण्हली. मुखरूनं तिचा हात घट्ट धरला. बाहेर एकही पाखरू ओरडत नव्हतं.

“चौदा…”

“पंधरा!”

आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला! चंदानं डोळे मिटले.

“गिअर बदलून राह्यलो, बाप्पा!” लटारूभाऊ ओरडले. “श्वास घ्या रे! तुमालेबी हवा लागते!”

सोळा! सतरा! अठरा! मुखरू हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणी त्याला चिडवलं नाही.

मोठ्या दवाखान्यात बुधरीला लगेच आत नेलं. ऑपरेशन करावं लागलं. दुपारभर पाचही जणं ओट्यावर बसून होती. मावशी आत-बाहेर करत होती. अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“मुलगी झाली. आई ठीक आहे. आणखी दोन तास उशीर झाला असता, तर मी काहीच करू शकले नसते. कोणी आणलं हिला?”

मावशीनं सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी तिघांच्याही पाठीवर हात ठेवला. “शाबास! आमच्याकडं शिकलेली माणसंसुद्धा गाडी बंद पडली की नुसती लाथ मारतात.”

“मी त बारा वर्सं नुसतं स्टिअरिंगच फिरवलं,” लटारूभाऊ कबूल झाले. “गाडी आज पाह्यली.”

ठमाबाई मात्र शाबास वगैरे काही म्हणाली नाही. पणती पाहून आली, चंदाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, आणि वळली ती थेट लटारूभाऊंकडं.

“परतीले माही पणती बसंन या गाडीत. पानी, तेल, हवा, सारं पाहून ठेव.” मग जरा थांबून म्हणाली, “नाई, तू नको पाहू. या पोरीले पाहू दे. तू उजेड धर.”