बुरुजावरचा मोर

केळझरजवळ वांग्याच्या वावरात ज्ञानेश्वरभाऊंनी निव्वळ हौसेखातर बुरूज बांधला होता. त्याला किल्ला नव्हता, दार नव्हतं. आत काडीसुद्धा ठेवायची नाही, असा भाऊंचा हुकूम. वर लाकडी झाकण, त्यावर पितळी मोर. भिंतीत डोक्याच्या वर असलेल्या भोकाकडे तोंड करून हाक मारली की ती आत घुमून परत यायची. तेवढ्यासाठी लोक हिंगणघाटहून यायचे.

आता मोर गायब होता.

"शिडी नत्थूपाशी राह्यते," भाऊ गरजले. "मी डोळ्याच्या आपरेशनले नागपूरले गेलतो, तेवढ्यात यानं डाव साधला. आजच याचं बिऱ्हाड हलवतो!"

राखणदार नत्थूची भांडीकुंडी बैलगाडीत चढलीसुद्धा होती.

भाऊंनी बोलावलेल्या गुप्तहेर सुलोचनाबाईंसोबत भाचा राकेश होता. चोर कोण हे त्याला सगळ्यांआधी कळायचं, आणि दर वेळी चुकीचं.

"मावशी, नत्थूच!"

"तू हाक मार बुरुजाले."

"ओऽऽ!" राकेश ओरडला. बुरूज गप्प.

चहा भाऊंच्या घरी, समोरच्या खोलीत झाला. मागच्या खेपेला इथे आढ्यापर्यंत कापूस होता, म्हणून राकेश अंगणात बसला होता. आता तिथे पाळणा हलत होता.

"बाळाले कापसाची खाज सुटली होती जी," भाऊंची सून काजल म्हणाली. "आता पाहा, कसं झोपून राह्यलं."

"कापूस जिनिंगच्या कारखान्यामंदी ठेवला," तिचा नवरा अंकित कोपरापर्यंत हात खाजवत म्हणाला. "भाव आला का इकू."

"नत्थू, शिडी कोणी नेलती?" बाईंनी विचारलं.

नत्थूनं पाळण्याकडे पाहिलं. "मले नाई माईत."

बाई सगळ्यांना बुरुजापाशी घेऊन आल्या.

"भाऊ, रिकाम्या बुरुजात हाक घुमते. आज नाई घुमली, म्हणजे आत काईतरी ठासून भरलं हाये. घरातला कापूस गेला, पण अंकितची खाज नाई गेली. म्हणजे त्यानं नुकताच कापूस उपसला, आणि कापूस लांब गेला नाई. दार नाई, म्हणून झाकण काढून वरून भरला. मोर निसटला, कापसात पडला, म्हणून आवाज नाई. मग त्याच्यावर भारे पडत गेले. काढाले बुरूज उपसा लागते, आणि तुमचा हुकूम तं आडवा! नत्थूले सारं ठाऊक होतं. सांगितलं असतं तं कापूस परत पाळण्यापाशी आला असता, म्हणून तो बाळासाठी गप्प राह्यला. अंकित, तू काऊन गप्प राह्यला?"

अंकितनं शिडी आणून बुरुजाला टेकवली.

राकेश शिडीवर चढला, झाकण सरकवलं आणि गळ्यापर्यंत कापसात गेला. बऱ्याच वेळानं वर आला तो मोराची मान धरूनच.

"नत्थू, सामान उतरव," भाऊ पुटपुटले.

नत्थू हलला नाही.

मग भाऊंनीच बैलगाडीतलं पहिलं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"मावशी, मले पहिल्यापासूनच वाटत होतं—"

"तू खाजव."