खालून आलेला निरोप

सन एकोणीसशे ब्याऐंशी, मार्गशीर्षातली अमावास्या. कंदील जरा बारीक करा आणि मधे कोणी बोलू नका. आपल्याच आळीतल्या शालिकरामावर गुदरलेली गोष्ट आहे, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

शालिकराम हातमागावर बसणारा. जेवणं आटोपल्यावर तो डबा घेऊन सायकलवर निघाला. नागपूरबाहेर, हिंगण्याच्या रस्त्यावर कागदाचा एक कारखाना होता. तिथं आठवड्यापूर्वी त्याचा थोरला भाऊ रुपराव वाफेनं भाजून मेला होता. डबा होता कृष्णकांतसाठी, रुपरावच्या कामावरच्या जोडीदारासाठी. भाकर, वांग्याची भाजी, वर ठेचा. रुपरावच्या बायकोनं, प्रेमिलानं, स्वतः भरून दिलेला. उद्या चौकशी होती. रुपरावची चूक ठरली तर प्रेमिलाला त्याच्या जागी नोकरी मिळणार नव्हती, आणि घरात लहान लेकरं. साक्ष द्यायची ती कृष्णकांतनं.

कामाची रीत अशी होती. वाफेच्या पाइपाचा जोड उघडायचा तर खालच्यानं आपल्या यंत्रावर निरोप ठोकायचा. तो वरच्या खोलीत, कन्सोलच्या म्हणजे टाइपरायटरसारख्या यंत्राच्या कागदावर छापला जायचा. वरच्यानं कोपऱ्यातलं चाक फिरवून वाफ बंद करायची, मग 'केली' असं उलट ठोकायचं. ते खाली पोचल्यावरच जोडाला हात लावायचा. साहेब म्हणत होते, रुपरावनं न कळवताच जोड उघडला. कागदावर त्याचा निरोपच नव्हता.

शालिकराम पोचला तेव्हा वरच्या खोलीत, अपघाताच्या रात्रीसारखाच, कृष्णकांत एकटा होता.

"ये गा शालिक! ठेचा वहिनीचाच हाय न? तुह्या हातचा असता तर गेटावरूनच परत धाडला असता."

शालिकराम हसला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

"उद्या बरोबर सांगशील न?"

"माह्या भावावाणी होता तो. घोर नको करू."

कन्सोलचं यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं. वायर काढून खिळ्याला टांगली होती. कृष्णकांतनं दुसरा घास घेतला.

खट्.

यंत्र हललं. एक ओळ छापली. थांबलं... मग तिच्याखाली आणखी एक, इवलीशी.

शालिकरामला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. "काय लिहून राहिलं?"

"काही नाही. मशीनची खोड."

"वायर तर खिळ्याले हाय..."

खट् खट् खट्. तीच ओळ. पुन्हा.

कृष्णकांतचा घास हातातच राहिला.

"वाच."

"शालिक, तू जाय घरी..."

"वाच म्हणतो न!"

कृष्णकांतनं घास डब्यात टाकला. "किसना... वाफ बंद कर."

किसना म्हणून त्याला एकटा रुपराव हाक मारायचा.

"अन् खाली काय हाय?"

कृष्णकांतनं त्या ओळीवर हात ठेवला.

"खाली?"

"...केली."

यंत्र थांबलं. पाइपातून वाफ वाहत होती, तेवढाच आवाज.

"तू त्याले 'केली' म्हणला... अन् केली नव्हती?"

"थंडी होती गा. मशीन उशाशी होती, चाक त्या कोपऱ्यात. पांघरुणातून उठायचा कंटाळा आला. म्हटलं, उठतो जरा वेळानं..."

"अन् कागद?"

"फाडला."

शालिकरामनं त्याच्यापुढचा डबा ओढून घेतला. झाकण लावायला गेला, ते बसेना.

"त्यानं तुले कामाले लावलं. तिनं आजही भाकर धाडली. काहून केलं बे असं? काहून?"



खट्.

तीच ओळ.

खट्. खट्.

कृष्णकांत उठला. भिंत धरून कोपऱ्यात गेला. दोन्ही हातांनी चाक फिरवलं. फिरवत राहिला. वाफ बंद झाली.

यंत्रही.

सकाळी साहेबांनी यंत्रातला कागद पाहिला. कोरा होता. एक अक्षर नाही. पण ओलाचिंब होता, आणि इतका गरम की त्यावर बोट ठरेना.

त्याच दिवशी चौकशीत कृष्णकांतनं खरं ते सांगितलं. प्रेमिलाला नोकरी मिळाली. कृष्णकांतवरचं रुपरावचं ऋण फिटलं.