टोबीचा निर्णयांक

सराव संपत आला होता. मैदानाच्या वरच्या काचेच्या केबिनमध्ये डॉ. वैदेही चौबळ पडद्याकडे बघत बसली होती. टोबी ड्रेननचा निर्णयांक आज पुन्हा चढला होता.

अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळा डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू हाती आला की दोन-तीन सेकंदांत त्याला धावणाऱ्या सोबत्यांपैकी एकाला हेरून फेक करायची असते, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावून येतात. कॉलेजात चमकलेली पोरं इथे पहिल्याच वर्षी गळपटतात. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, हे पूर्वी प्रशिक्षक नुसत्या नजरेनं ठरवत. आता शिरस्त्राणाच्या अस्तरात केसांएवढ्या बारीक तारांची जाळी होती. ती मेंदूतले प्रवाह टिपायची आणि वैदेहीच्या गणितातून खेळाडू दबावाखाली किती झटपट आणि अचूक निर्णय घेतो याचा आकडा निघायचा, तोच निर्णयांक. मिरजेहून मेंदूविज्ञान शिकायला आलेल्या वैदेहीनं आयुष्याची उमेदीची वर्षं या आकड्यात घातली होती.

ऑगस्टमध्ये नवा क्वार्टरबॅक म्हणून आलेल्या टोबीचा आकडा तळाला होता. नजर सोबत्यांवर ठेवायची सोडून तो अंगावर येणाऱ्यांकडे बघत राहायचा आणि चेंडू कुठेही भिरकावायचा. ऑक्टोबरमधल्या दोन जबर धडकांनंतर मात्र तो जागचा हलेनासा झाला. शांत उभा राही, फेक अचूक करी.

"पोरगा शिकला," प्रशिक्षक हॅलोरन सगळ्यांना सांगत सुटले होते.

वैदेहीला ते पटत नव्हतं. शिकलेल्या मेंदूत पाहण्याची आणि निवडण्याची केंद्रं वेगवान होतात. टोबीची ऑगस्टमध्ये होती तशीच होती. बदल एकाच जागी झाला होता. मेंदूच्या पोटात बदामाएवढं एक केंद्र असतं, धोका दिसला की तिथून भीती उसळते. त्या बदामकेंद्रातून काहीच येत नव्हतं. सरळ रेघ.

दुपारी गाडीपाशी टोबीची बायको कॉरिन तिची वाट बघत उभी होती.

"डॉक्टर, तो घरी फार शांत असतो हल्ली," ती म्हणाली. "रविवारी लेकीला खांद्यावर घेऊन गोठलेल्या नदीवर गेला. पायाखालचा बर्फ तडकत होता. आवाज मला काठावर ऐकू येत होता. मी ओरडतेय, आणि हा माझ्याकडे बघून हात हलवतोय."

वैदेही तशीच माघारी फिरली आणि हॅलोरनच्या खोलीत गेली. "तो शिकलेला नाही. त्याला इजा झालीय. भीतीचं केंद्रच मेलंय. त्याला बाहेर बसवा."

हॅलोरननी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "भीती मरायला साधारण किती धडका लागल्या याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या पोरांवर उगाच दोन-दोन वर्षं घालवायला नकोत."

"त्याला बाहेर बसवा," वैदेहीनं पुन्हा सांगितलं. ते पुढे म्हणाले, "तुम्ही त्याला सांगा की. मी आड येणार नाही. तो म्हणाला नको, तर नको."

तिनं टोबीला बोलावून पडद्यावरची रेघ दाखवली. पुढची धडक आणखी काय नेईल, ते स्पष्ट सांगितलं: बोलणं, चालणं, कदाचित जीवही. टोबी मन लावून ऐकत होता. तिनं उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले. त्यानं सगळं बिनचूक सांगितलं.

"फेकीचा हात ठीक राहील ना?" त्यानं विचारलं.

"टोबी, तुला भीती नाही वाटत?"

खिशात किल्ली चाचपावी तसा तो आत कुठंतरी शोधत राहिला.

"वाटायला हवी, हे कळतंय मला," तो अखेर म्हणाला. "कॉरिनला वाटते ना. पण माझ्यात ती येतच नाही, डॉक्टर. मी खेळतो."

नियम साधा होता. खेळाडूला धोका समजत असेल, तर निर्णय त्याचा. टोबीला धोका समजत होता. तरीही वैदेहीनं खेळण्यास योग्य असल्याचा दाखला द्यायला नकार दिला. संघानं दुसरा डॉक्टर आणला. त्यानं तेच प्रश्न विचारले, त्याला तीच बिनचूक उत्तरं मिळाली आणि त्यानं सही केली. वैदेहीची केबिन काढून घेण्यात आली.

सामन्याला ती तिकीट काढून गेली. कॉरिननं तिला शेजारी बसवून घेतलं. शेवटच्या डावात तिघं जण एकदम टोबीवर झेपावले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेंडू सुटला, सोबत्याच्या हातात विसावला, आणि टोबी त्या तिघांखाली दिसेनासा झाला. सगळं स्टेडियम उठून नाचू लागलं. बऱ्याच वेळानं तो उठला आणि भलत्याच बाजूला चालू लागला. एका सोबत्यानं दंड धरून त्याला वळवलं.

डोळे मैदानावरून न काढता कॉरिननं विचारलं, "डॉक्टर, त्याच्या वाटची भीती मी एकटीनं किती दिवस बाळगायची?"