चुलवणातला दगड

बारामतीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, आणि एप्रिलच्या दुपारी तिथला पंखा नुसती गरम हवा ढवळत असतो. स्वरूपानं खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं आणि विजेची भट्टी तापायला लावली. विद्यापीठाच्या समितीतले डॉ. विजयसिंह पुण्याहून निघाले होते.

अतिउष्णतेत आणि प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात यावर कार्यशाळा घ्यायची, म्हणून कॉलेजनं विद्यापीठाकडं अनुदान मागितलं होतं. प्रस्ताव स्वरूपानंच लिहिलेला. तो आधी दोनदा परत आला होता, शेरा एकच : यात नवीन काय दाखवणार? ती तासिका तत्त्वावर शिकवायची. विभागप्रमुख नागेश सरांनी कालच सांगून टाकलं होतं, "अनुदान आलं तर जूनमध्ये तू इथं आहेस. नाही आलं, तर माझ्या तोंडाकडं बघू नकोस."

दाखवायला तिच्याकडं एक दगड होता.

हिवाळ्यात ती कोऱ्हाळे बुद्रुकला हिंदुरावांच्या गुऱ्हाळावर गेली होती. रस उकळणाऱ्या काहिलीखाली जमिनीत बांधलेलं चुलवण धडधडत होतं. लांबून तापमान मोजणारं यंत्र तिनं आतल्या भिंतीवर फिरवलं. सगळीकडं आकडा चढत गेला आणि तळहाताएवढ्या एका काळ्या दगडावर एकदम कोसळला. यंत्र बिघडलं असणार, म्हणून तिनं पुन्हा पाहिलं. तेच. संध्याकाळी जाळ काढल्यावर हिंदुरावांनी तो दगड आकडीनं बाहेर ओढला आणि उघड्या हातानं उचलून तिच्या हातात ठेवला. बाजूच्या विटा अजून लाल होत्या. दगड माठासारखा गार होता.

हंगाम संपल्यावर तिनं तो मागितला.

"न्या की," हिंदुराव म्हणाले. "आमच्या चुलवणात तापला न्हाय, तुमच्या त्या डब्यात काय तापतोय!"

त्यांची आई, भामाबाई, मात्र हसली नाही. "जाळ काढला की त्येला 'झालं' म्हणायचं, पोरी. मोठ्यानं. माझी सासूबी म्हणायची. कवा चुकवलं न्हाय आमी."

"आणि नाही म्हटलं तर, आजी?"

"त्येला कसं कळायचं? त्यो आपला वढतच बसंल."

विजयसिंह आले ते घाम पुसतच, नागेश सरांबरोबर. चहा पुढं आला, त्यांनी तो बाजूला सारला. वालचंदनगरहून मागवलेला पोलादाचा तुकडा आणि तो दगड, दोन्ही भट्टीत शेजारी ठेवलेले होते. आकडा हजारावर होता. स्वरूपानं लांब चिमट्यानं दगड बाहेर काढला, पांढऱ्या फरशीवर ठेवला, आणि सरळ बोट टेकवलं.

विजयसिंहांनीही टेकवलं. मग अख्खा पंजा ठेवला.

तिनं भट्टीचं दार लावलं आणि बटण बंद केलं. भामाबाईचा शब्द तिच्या ओठापर्यंत आला होता. पण समोर विद्यापीठाचे प्राध्यापक, आणि आपण दगडाशी बोलायचं? तिनं तोंड मिटलं.

आधी फरशीवर दव धरलं.

मग ते पांढरं झालं. नेच्याच्या पानासारखी नक्षी दगडाभोवती उमटली, पसरली, टेबलाच्या कडेवरून खाली उतरली. भट्टीवरचा आकडा घसरत होता, कुठलीही भट्टी निवते त्यापेक्षा किती तरी वेगानं. आत पोलादाचा तुकडा टणकन तडकला. कपातल्या चहावर काचेसारखा पापुद्रा आला. आता तिघांचाही श्वास दिसत होता.

खिडकीबाहेर गुलमोहर उन्हात फुलला होता. उघड्या तावदानांवर हिम चढत होतं.

स्वरूपाला भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते निराळंच. शिकलेलं सगळं खरंच होतं, पण एका मोठ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून शिकलेलं होतं. आणि आता आतलं दार उघडलं होतं.

"कुणी काही करू नका," विजयसिंह कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, अनुदान तुम्हालाच मिळणार. फक्त हे थांबवू नका."

आकडा शून्याखाली गेला.

नागेश सर ओरडले. त्यांचा हात लोखंडी नळाला चिकटला होता.

स्वरूपा दगडावर वाकली.

"झालं," ती मोठ्यानं म्हणाली.

छतावरून एक थेंब पडला. मग दुसरा. बाहेरचं ऊन हळूहळू खोलीत परत आलं.

"काय केलंत तुम्ही?" विजयसिंह म्हणाले. "लावा भट्टी पुन्हा. या वेळी कुणी बोलायचं नाही. नाहीतर मी वर काय लिहू?"

नागेश सर सोललेला तळवा दुसऱ्या हातात धरून उभे होते.

तिनं दगड ओढणीत बांधला. "काही दिसलं नाही, असं लिहा, सर," ती म्हणाली.

स्टँडवर ती कोऱ्हाळ्याच्या एस.टी.त बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. जून महिना तिच्या डोळ्यांसमोर रिकामा उभा होता. तेवढ्यात हिंदुरावांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं भामाबाई होत्या.

"पोरी, चुलवण पेटलंय."

"गुऱ्हाळ बंद आहे ना, आजी?"

"चिपाड न्हाय, काडी न्हाय. पांढरा जाळ हाय निस्ता, डोळं ठरत न्हाईत. समदी वस्ती हात जोडून हुबी हाय हितं." म्हातारी दम घ्यायला थांबली. "आन आतनं तुझा आवाज आला. 'झालं' म्हणालीस."

"म्हणाले, आजी. उशीर झाला, पण म्हणाले."

"ब्येस केलंस. पर आत्ता परत कशापायी म्हणालीस?"

स्वरूपा एकदाच म्हणाली होती.