रिकाम्या लिफ्टचं वजन

काम तसं किरकोळ होतं. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट बरीच वर्षं बंद होती, ती पुन्हा सुरू करायची होती. का बंद होती ते मालकांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. लिफ्ट तपासून दाखला देणं हा आमचा धंदा. धाकटा जागेवर जातो, लिफ्टच्या तळाशी वजन मोजणारं यंत्र बसवतो, रिकामी लिफ्ट वरखाली फिरवतो आणि आकडे मला मेल करतो. मी ऑफिसात बसून त्यांचा ग्राफ काढते. रिकाम्या लिफ्टची रेघ शून्यावर सरळ जायला हवी. तशी गेली की धाकटा स्वतः आत उभा राहून एक फेरी मारतो. आपण तपासलेल्या लिफ्टमध्ये पहिलं पाऊल आपलंच, हा त्याचा हट्ट.

ग्राफच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही, हे सांगायला मी लाजत नाही. त्या दुपारी आकडे आले, मी ग्राफ काढला, रेघ सरळसोट. फाइल सेव्ह केली, बंद केली आणि चहा घेऊन आले. अहवालात ग्राफ चिकटवायचा म्हणून फाइल पुन्हा उघडली.

रेघ तळमजल्यापाशी ताडकन वर चढली होती. एका माणसाच्या वजनाइतकी. मग तशीच पुढे सरळ गेली होती, खाली आलीच नव्हती. म्हणजे कुणीतरी आत शिरलं होतं आणि बाहेर पडलं नव्हतं.

मी लगेच फोन लावला. "काय रे, चाचणी चालू असताना आत कोण घुसलं होतं?"

"कुणी नाही गं ताई. दारात मीच तर उभा होतो."

"बरं, मग माझंच काहीतरी बिघडलंय. बघते मी."

फाइल बंद करून पुन्हा उघडली. आता रेघेत दोन पायऱ्या, दोन माणसांइतक्या. मेलमधले आकडे पाहिले, ते सगळे शून्यच. असल्या प्रकाराला मी घाबरत नाही, मला राग येतो. फाइल लॅपटॉपवर घेतली, तिथे तीन पायऱ्या. मग मी हट्टालाच पेटले. उघड, बंद कर, पुन्हा उघड. दरवेळी एक पायरी वाढत होती. आणि दरवेळी खोलीत तो वास यायचा... बंद जागेत पुष्कळ माणसं खेटून उभी राहिली की येतो ना, तसला कोंदट, घामट वास. खिडकी उघडी होती, बाहेर लख्ख ऊन होतं, तरीसुद्धा.

फोन वाजला.

"ताई, मी आत आलोय. पण लिफ्ट हलत नाहीये... वजन जास्त झालंय म्हणतेय."

"अरे, तुला आत जायला सांगितलं कुणी?"

"तूच म्हणालीस ना, तुझंच बिघडलंय म्हणून! म्हटलं, लिफ्ट ठीक आहे."

"आधी बाहेर ये."

"दार उघडत नाहीये." त्याचा आवाज एकदम खाली आला. "ताई... मला हात हलवायला जागा नाहीये गं. श्वास घेता येत नाहीये..."

माझ्या समोरच्या ग्राफवर, माझ्या डोळ्यांदेखत, रेघ आणखी एक पायरी चढली. फाइल उघडताना दरवेळी मीच एकेकाला आत घेतलं होतं, आणि आता माझा भाऊ त्यांच्यात चिरडला जात होता.

पण अशा वेळी माझं डोकं शांत चालतं. फाइलमधून आत आलेत, तर फाइलमधूनच बाहेर जातील. सगळे आकडे एकदम निवडले, शून्य केले आणि सेव्ह केलं. एरवी मी जुनी फाइल कधीच पुसत नाही, नव्या नावाने वेगळी प्रत ठेवते. तेव्हा तेवढी उसंत कुणाला होती? त्याच फाइलवर सेव्ह केलं. बंद करून उघडली. रेघ शून्यावर, अगदी सरळ.

फोनमध्ये दार सरकल्याचा आवाज आला. "उघडलं! हुश्श... ताई, काय केलंस तू?"

"माझं काम केलं."

"पण आपलं ते वजनाचं यंत्र गंडलंय बघ. शून्य दाखवतंय. आणि मी अजून आतच उभा आहे."

शेवटची पायरी कुणाची होती, हे पुसताना मी पाहिलंच नव्हतं.

तशीच गाडी काढून त्याला आणायला गेले. दारात तो हसत उभा होता, धुळीने माखलेला, अगदी धडधाकट. मी त्याला मिठी मारली. अंग उबदार होतं. जीव भांड्यात पडला. सॉफ्टवेअर गेलं खड्ड्यात, म्हटलं, यंत्रं बिघडतातच.

माझी गाडी मोठी कटकटी आहे. शेजारच्या सीटवर साधी भाजीची पिशवी ठेवली तरी माणूस बसलाय समजून बेल्टसाठी टिंग टिंग करून डोकं उठवते. धाकटा शेजारी बसला, पाय पसरले, लिफ्टच्या मालकाची नक्कल करायला लागला. मीही हसत होते. चौकापर्यंत आलो तेव्हा माझं लक्ष गेलं.

"बेल्ट लाव," मी म्हटलं.

"लावतो गं," तो म्हणाला. "गाडी गप्प बसलीये, तूच काय ओरडतेस?"